जुना रिसीव्हर, कुणाला हवाय का?

नमिता : मेसेज टाकून झालाय मघाशीच. "जुना रिसीव्हर आहे, कुणाला हवाय का?" बिलकिसचा लगेच अंगठा आला.

कुशल : कुठला रिसीव्हर?

नमिता : आपल्याकडे किती आहेत?

कुशल : नमू, नीट सांग. कुठे टाकलास मेसेज?

नमिता : बायकांच्या ग्रुपवर. निम्मं अल वक्रा शहर आहे त्यात. कपाटावर, बॅगांच्या मागे, तुझ्या फाटक्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलंयस ना, ते. गार्गी स्टुलावर चढली तेव्हा तूच ओरडलास, "हात लावू नकोस, रिसीव्हर आहे तो!" मला वाटलं डिशचा. बिलकिसची सासू येतेय रत्नागिरीहून, तिला टीव्ही लागतो.

कुशल : देऊन टाकलास?

नमिता : मगरिबच्या नमाजानंतर न्यायला येते म्हणालीय.

कुशल : तिला नाही म्हणून कळव. आत्ता.

नमिता : का?

कुशल : डिशचा नाहीये तो.

नमिता : ते कळलं. रिमोट आहे का बघायला उघडलं, तर हा लोखंडाचा तुकडा. पायावर पडला असता तर अंगठा गेला असता. कशाचा आहे?

कुशल : वर्कशॉपचा पार्ट आहे. पंपाचा.

नमिता : पंपाचा.

कुशल : हाय प्रेशर पंप असतो एक.

नमिता : आणि पंपाचे पार्ट बनियनमध्ये गुंडाळून घरी आणायची पद्धत कधीपासून पडली? मी फोटो काढून ठेवलाय.

कुशल : फोटो काढलास? डिलीट कर! कुणाला पाठवला नाहीस ना? नमू, ग्रुपवर टाकला नाहीस ना?

नमिता : पंपाच्या फोटोला एवढा घाम?

कुशल : हळू बोल. गार्गी आत आहे.

नमिता : ती चित्र काढतेय. तू बोल.

कुशल : रायफलचा आहे. थांब, ऐकून घे! रायफल नाही ती. नळी नाही, दस्ता नाही, घोडा नाही. नुसता मधला सांगाडा. काडतूस आत ढकलणारा बोल्ट ज्याच्यात मागेपुढे सरकतो ना, तो भाग. त्यालाच रिसीव्हर म्हणतात. मी पोरीशी खोटं बोललो नव्हतो.

नमिता : वा. हरिश्चंद्रच. कुणाचा आहे?

कुशल : जियादचा. अल हिलालला राहतो, ज्याच्या जीपची कामं मी करतो तो. त्याच्या आजोबांची जुनी रायफल आहे, जर्मन. मापं घ्यायला आणलाय.

नमिता : जर्मन.

कुशल : माउझर म्हणून एक होता. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याने ही रचना बसवली, अजून जग तिचीच नक्कल करतं. बोल्टच्या तोंडाशी दोन कान असतात. दांडी खाली पाडली की ते खाचेत जाऊन अडकतात. काडतूस फुटतं तेव्हाचा सगळा धक्का त्या दोन कानांवर. आणि मागे तिसरा कान, नुसता राखीव. पुढचे दोन तुटले तरच कामाला येणारा.

नमिता : एवढी काळजी म्हणजे त्या माउझरला बायको असणार. पुढे?

कुशल : तुला खरंच ऐकायचंय?

नमिता : खूप दिवसांनी एवढं बोलतोयस. बोल की.

कुशल : लढाया संपल्यावर त्या फौजी रायफली शिकाऱ्यांकडे गेल्या. कारागीर त्या घासूनपुसून गिऱ्हाइकाच्या हाताला बसतील अशा करून द्यायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, जुनं घासत बसण्यापेक्षा नवीनच काढू. एकेका माणसासाठी एकेक. त्याला कस्टम म्हणतात. हे बघ, पाठीवर ही लांब पट्टी आहे ना, इथे दुर्बीण बसते. बाजारातल्या मालात ती वेगळी करून स्क्रूने बसवतात, दोनचार हादऱ्यांनी सैल होते. म्हणून ही अंगचीच ठेवली, सगळं पोलादाच्या एकाच दांड्यातून काढलं.

नमिता : काढलं?

कुशल : काढतात. काढतात एकाच दांड्यातून.

नमिता : बरं. आणि?

कुशल : आणि आतला पृष्ठभाग. बोल्ट घालून तिरकं धरलं की तो आपल्या वजनाने सरकतो, तुपातल्यासारखा. खडखड नाही, अडकणं नाही.

नमिता : आजोबांच्या काळी असं जमायचं?

कुशल : हाताला सवय असायची त्या लोकांच्या.

नमिता : आता उलटा कर तो.

कुशल : कशाला?

नमिता : कर ना. ही खालची बाजू दस्त्यात झाकली जाते, बरोबर? कुणाला दिसत नाही. इथे कोपऱ्यात काय कोरलंय?

कुशल : ओरखडा असेल.

नमिता : गूगलला विचारायची गरजच पडली नाही मला, कुशल. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जर्मनांनी याच्यावर "गा" कशाला कोरलं असेल?

कुशल : नमू...

नमिता : काना पण दिलाय व्यवस्थित. शिरोरेघ सुद्धा.

कुशल : गंमत म्हणून. काम मनासारखं झालं की आपली खूण ठेवतात कारागीर. माझं नाव घालणं शहाणपणाचं नव्हतं.

नमिता : म्हणून पोरीचं घातलंस? कुणी पकडलंच तर तिला विचारायचं?

कुशल : तसं नाही गं.

नमिता : या बनियनला मशीनवरच्या कूलंटचा वास येतोय. तुझ्या शर्टांना येत नाही हल्ली. रोज सकाळी डबा घेऊन जातोस, संध्याकाळी नखं स्वच्छ. मी विचारत नव्हते म्हणजे बघत नव्हते असं नाही. कंपनी बंद झालीय ना?

कुशल : बंद नाही. मला काढलं. महिनाअखेरीस व्हिसा कॅन्सल करतील.

नमिता : आणि मी इथे गार्गीच्या केजीचा युनिफॉर्म शिवून घेतेय.

कुशल : म्हणून तर केलं! जियाद म्हणाला, तुझा हात बघू दे, असा एक करून दे, मी माझ्या नावावर तुझा व्हिसा काढतो. त्याच्या मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे केलं. त्याच्याकडे रायफलींचं लायसन्स आहे, नमू. चोर नाही तो.

नमिता : लायसन्स त्याच्या जुन्या रायफलींचं. याचं कुठेय? नंबर कुठे असतो बंदुकीचा?

कुशल : याच्यावरच.

नमिता : नळीवर नाही?

कुशल : नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो. बऱ्याच देशांत कायद्याच्या लेखी हा तुकडा म्हणजेच बंदूक.

नमिता : म्हणजे मघाशी जे "रायफल नाही ती, नुसता सांगाडा" म्हणालास...

कुशल : नंबर तो नंतर घालून घेईल. मी विचारलं होतं.

नमिता : काय म्हणाला?

कुशल : इन्शाल्ला म्हणाला.

नमिता : इन्शाल्ला! आपल्या घरमालकाने एसी दुरुस्त करतो म्हणताना पण हेच सांगितलं होतं. आणि उद्या सीआयडीवाले दारात आले तर जियाद तुला ओळखेल? की म्हणेल, हा हिंदी कोण, आणि हे कसलं अक्षर, माझ्या भाषेतलं तर नाही?

कुशल : तसा माणूस नाही तो.

नमिता : तूही तसा नव्हतास.

कुशल : हे बघ, घाबरू नकोस. याने अजून गोळी सुटणारच नाही. भट्टीत घालून कडक करायचंय ते राहिलंय. आत्ता मऊ आहे, नुसतं पोलाद.

नमिता : मऊ म्हणजे? करवतीने कापलं जाईल?

कुशल : कशाला विचारतेस?

नमिता : कुशल, कापलं जाईल का?

कुशल : काडतूस बाहेर पडायची ही खिडकी आहे ना, तिथली भिंत पातळ आहे. तिथून जाईल.

नमिता : सिंकखाली तुझी हॅक्सॉ आहे.

कुशल : नमू, एवढं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

नमिता : दिसतंय मला. त्याचीच भीती वाटते. वाईट झालं असतं तर त्याने परत तरी केलं असतं. हे बघून तो दुसरं मागेल.

कुशल : मग व्हिसाचं काय?

नमिता : जाऊ परत. पंपाचे पार्ट नाशिकलाही लागतात.

कुशल : आणि जियादला काय सांगू?

नमिता : सांग, बायकोला कळत नाही, डिशचा समजून भंगारात दिला. खोटं तुला जमतं, एवढं शेवटचं बोल. ऊठ.

(दाराची बेल वाजते. नमिता दार उघडते. थोड्या वेळाने आतून करवतीचा आवाज सुरू होतो.)

बिलकिस : काय गो नमिता, रिसिवर काढून ठेवलायस ना? सासू विमानात बसली पण.

नमिता : अगं सॉरी, तो चालत नाही. तुला आधी कळवायला हवं होतं.

बिलकिस : मग माझ्या नवऱ्याला, वलीला दे ना! तो मेलेला पण चालू करतो.

नमिता : म्हणूनच नको.

बिलकिस : आणि आत कसला आवाज हाय गो?

नमिता : कुशल मोडतोय तो. गार्गीच्या हाताला लागेल म्हणून. एक मिनिट हं, बिलकिस... कुशल? थांबलास का?

कुशल : अक्षर आलंय मध्ये.

नमिता : येऊ दे. थांबू नकोस.

बिलकिस : चांगला होता काय गो?

नमिता : फार सुरेख होता.