नापास पेटी

मिस्त्री : म्हणजे हा पुढच्या चाकाचा चिमटाही नापास.

साहेब : नापास नाही हो. चिमटा उत्तम आहे. पण यात जाड टायर लावला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरच राहतात. मोजलं मी. जरा चिखल अडकला की चाक घासणार.

मिस्त्री : बारीक टायर लावायचं ठरलं होतं ना आपलं?

साहेब : ते डांबरी रस्त्यासाठी. तलावापलीकडची वाट कच्ची आहे. पुढेमागे तिकडे जावंसं वाटलं तर?

मिस्त्री : किती वेळा गेलाय तिकडे?

साहेब : सायकलच नाही, तर जाणार कसा?

मिस्त्री : तेही खरंच.

साहेब : हे बघा, माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे. सायकल एकच हवी, पण सगळ्याला चालणारी. सकाळी आमच्या हिने कामावर, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत न्यावी. सात किलोमीटर, शेवटी तो चढ. दुपारी मी बाजारात न्यावी, मागे वीस किलो सामान. रविवारी शंभर किलोमीटर फिरून यावं. आणि वाट कशीही असो, कुरकुर म्हणून करू नये.

मिस्त्री : कोणी, सायकलीने की वहिनींनी?

साहेब : मिस्त्री.

मिस्त्री : नाही, आपलं विचारलं. साहेब, अशी सायकल होते. तिला सगळंच थोडं थोडं जमतं. पण तुम्हाला सगळंच पूर्ण हवं. भक्कम कॅरियर आणलं, तर जड म्हणालात. हलकं आणलं, तर वीस किलोला वाकेल म्हणालात.

साहेब : वाकलंच असतं.

मिस्त्री : बस बंद झाली तेव्हा सुरुवात केली आपण. चौदा महिने झाले. तुमची दुसरी फ्रेम त्या भिंतीवर टांगून आहे. नळीत कोळ्याने संसार मांडलाय.

साहेब : घाईने चुकीची जोडण्यापेक्षा बरं. तीस वर्षं वजनमापं खात्यात काढली मी. घाईघाईने ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या माणसाने केवढं नुकसान होतं, ते पाहिलंय.

मिस्त्री : चिमट्याचं वजन केलं असेलच.

साहेब : नऊशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

मिस्त्री : तुम्ही आकडे लिहिता आणि मग व्यापारी माल परत घेत नाही.

साहेब : म्हणून तर बारीक लिहितो.

मिस्त्री : बरं, टाका नापास पेटीत.

साहेब : पेटी रिकामी कशी? सीट होती, दोन हँडलं होती, ते जड कॅरियर...

मिस्त्री : लागतं कोणाकोणाला. साहेब, पाच वाजत आले. वहिनी चहाला थांबल्या असतील.

साहेब : आज सुट्टी आहे तिची. मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणाली. तिला खरं तर माझ्यामुळे त्रास झाला असता हो, पण शेजारच्या डॉक्टरीणबाई रोज गाडीतून सोडतात. फार भल्या. त्यांच्यामुळे मला नीट विचार करायला वेळ मिळाला... ही कोणाची?

मिस्त्री : कुठली?

साहेब : ही निळी. स्टँडवर चढवलेली.

मिस्त्री : गिऱ्हाइकाची. मागच्या चाकाचा आउट काढायला टाकली होती. सरळ केलंय चाक. येतीलच न्यायला, म्हणून म्हणतो, तुम्ही उद्या सकाळी या, आपण निवांत...

साहेब : थांबा हो, बघू तर द्या. टायर जाड, पण फार जाड नाही. मधे गुळगुळीत, कडेला खरबरीत. दोन्ही रस्त्यांना चालेल. चढासाठी मागे मोठा गिअर. हँडल जरा वर, म्हणजे पाठ दुखायला नको. कॅरियर भक्कम. याला म्हणतात निवड. ज्याने केली तो माणूस विचारी आहे, मिस्त्री.

मिस्त्री : फारच. महिनोन्महिने घातले त्याने.

साहेब : दिसतंच आहे. मला भेटायला आवडेल त्याला.

मिस्त्री : लांब नाही राहत.

साहेब : आणि नुसती सजवून ठेवलेली नाही. चिमट्याला लाल माती आहे. आपल्या बाजूला लाल माती कुठे? ही तलावापलीकडचीच. बघा, लोक जातात. सीटही छान बसलीय. कुठली आहे ही?

(साहेब गुडघे टेकून सीटच्या खालून बघतात. बराच वेळ उठत नाहीत.)

साहेब : चारशे बारा.

मिस्त्री : साहेब, गुडघे दुखतील. उठा.

साहेब : चार असा मी काढतो. टोक उघडं ठेवून. ही सीट मी कडक म्हणून परत केली होती.

मिस्त्री : वापरून मऊ झाली.

साहेब : कॅरियरच्या पट्टीखाली काय लिहिलंय? अकराशे तीस. हँडल... सहाशे पाच. हे मला रुंद वाटलं होतं. मिस्त्री, म्हणजे मी जे जे नको म्हटलं...

मिस्त्री : ते ते.

साहेब : आणि फ्रेम?

मिस्त्री : तुमची पहिली. निळी. तुम्हाला तीन सेंटिमीटर लहान झाली होती.

साहेब : मला लहान. मग जो चालवतो, तो माझ्याहून...

मिस्त्री : बुटका आहे. बुटकी. आल्या बघा.

वहिनी : मिस्त्री, निघाला का हो आउट? उद्या पहिली पाळी आहे, मला सहालाच... अहो. तुम्ही इथे?

साहेब : चिमटा परत करायला आलो होतो. मैत्रीण काय म्हणते?

वहिनी : बरी आहे. चाक हलत होतं तिचं.

साहेब : आणि डॉक्टरीणबाई?

वहिनी : त्यांची बदली झाली. मागे दिवाणखान्याचं रंगकाम चालू होतं ना आपल्याकडे, तेव्हाच.

साहेब : त्याला वर्ष होईल. त्यांच्या गॅलरीत रोज कपडे वाळत असतात.

वहिनी : नवे भाडेकरू आहेत ते. जिन्यात तुम्ही त्यांना नमस्कार करता रोज.

मिस्त्री : मी जरा पाना शोधून येतो.

वहिनी : तुमच्या हातातच आहे पाना. थांबा तुम्ही, मला एकटीला बोलायला लावू नका.

मिस्त्री : साहेब, माझा दोष इतकाच, की मी नाही म्हटलं नाही.

साहेब : तू मला का नाही सांगितलंस?

वहिनी : सांगणार होते. त्या गेल्यावर पहिले दोन महिने चालत गेले, मिळेल त्या गाडीला हात केला. उशिराबद्दल दोन पत्रं आली. दुसऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं, की तिसरं आलं तर कामावर येऊ नका. ते पत्र तुम्हाला दाखवायला घेऊन आले, तर तुम्ही टेबलावर तीन पॅडल मांडून बसला होतात. मला म्हणालात, ‘बरं झालं आलीस, यातलं कुठलं?’

साहेब : तू मधलं म्हणालीस.

वहिनी : तुम्ही म्हणालात, मधलं बघायला बरं आहे, पण बेअरिंगचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी मी इथे आले. मिस्त्रींना म्हटलं, साहेबांना जे नको असेल, त्याची मला एक जोडून द्या.

मिस्त्री : दोन दिवसांत उभी राहिली. टायर, चेन, ब्रेक, सगळं पेटीतलं. एकेक भाग निवडून घेतलेला, साहेब. वाईट एकही नव्हता.

साहेब : तेव्हा तरी सांगायचंस. मी काही रागावलो नसतो.

वहिनी : रागावला नसतात. हिला सुटी करून वजन केलं असतंत. मग चढासाठी ही सीट बरोबर नाही, मग हे हँडल बदलू. महिनाभर ती भिंतीवर गेली असती, आणि मी तिसरं पत्र घेऊन घरी बसले असते.

(साहेब सायकलीचं मागचं चाक हाताने फिरवून बघतात.)

वहिनी : शिवाय मला वाटलं, घरात एक सायकल आली की तुमची राहून जाईल. ती व्हावी असं मला खरंच वाटत होतं. अजून वाटतं.

साहेब : तलावापलीकडे गेली होतीस?

वहिनी : चारदा.

साहेब : कशी आहे वाट?

वहिनी : पहिला अर्धा किलोमीटर कच्ची. पुढे सरळ सिमेंटचा रस्ता आहे. बारीक टायर पण चालतील.

मिस्त्री : आणि हा चिमटाही चालेल मग.

साहेब : मिस्त्री, तुम्ही पाना शोधायला जाणार होता ना?

वहिनी : असे सायकलीकडे काय बघताय? काय वाईट दिसतंय?

साहेब : मागच्या ब्रेकचे रबर संपलेत. पुढचे नवे आहेत. चढ उतरताना तू फक्त मागचाच दाबतेस.

वहिनी : पुढचा दाबला की उलटेन असं वाटतं.

साहेब : नाही उलटत. मागचा आधी, मग पुढचा हळूच. दोन्ही मिळून. मी दाखवेन. आणि घंटी कुठेय?

वहिनी : घंटी नाहीये.

साहेब : बाकी सगळं आहे, आणि घंटी नाही?

मिस्त्री : पेटीत नव्हती ना. तुम्ही अजून घंटीपर्यंत पोचलाच नाहीत.

साहेब : मग नऊ-दहा महिने रस्त्यात करतेस काय?

वहिनी : ओरडते. ‘अहो, बाजूला व्हा.’

साहेब : रस्त्यातल्या सगळ्यांना अहो?

वहिनी : सवय आहे. होतात बाजूला. तुमच्याहून लवकर.

साहेब : मिस्त्री, घंट्या कुठे ठेवता?

मिस्त्री : वरच्या फळीवर. पितळी आहे, स्टीलची आहे, एक छोटी अंगठ्याने वाजवायची आहे. पितळीचा आवाज लांब जातो, पण पावसात काळी पडते. स्टीलची...

साहेब : हाताला येईल ती द्या.

मिस्त्री : कुठली पण?

साहेब : आणि तो पाना. डावीकडे लावू का गं? उजव्या हाताला गिअर आहे.

वहिनी : डावीकडे चालेल. अहो, एवढं घट्ट नको. हं, आता झालं. छान वाजते की. किती भरलं हिचं वजन?

साहेब : केलं नाही.