क्लच नसलेला ट्रक

हिंगोलीच्या हळद बाजाराबाहेर ट्रकांची रांग होती. शेजारच्या बाकावर मालक विश्वंभरराव आणि त्यांचे जुने ड्रायव्हर नासेरभाई चहा पीत होते.

“मालक, नवा ट्रक बॅटरीचाच घ्या. धूर न्हाई, हवा साफ.”

“तुमी कधीपासून हवेची काळजी करून राहिले? आधी ती बिडी विझवा.”

“विझवली.”

“अन् सांगलीच्या वाटेत बॅटरी उतरली तर?”

“सांगली दुसऱ्याला द्या. मला जवळचं कुरुंदा-हिंगोली पुरे.”

“चार्जिंगला चार तास लागतात म्हणं.”

“या रांगेत सकाळपासून आपण काय करून राहिलो?”

“नासेरभाई, खरं सांगा. काहून मागं लागले?”

“त्याला क्लच नसतो, मालक. डावा गुडघा आता क्लच दाबू देत न्हाई.”

“आधी काहून न्हाई बोलले?”

“घरी बसवलं असतं तुमी.”

“रांग सरकली. बसा, चहा संपवा. नवा ट्रक येईस्तोवर रांगेत गाडी मी सरकवतो. चावी द्या.”