मागून न मारलेली हाक

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काका, काकू, तुम्ही प्रफुलचे आईवडील, तुम्हाला वेगळा नमस्कार करते, कारण मला तुमच्याकडे पाहून बोलायचं आहे आणि तेच जमत नाहीये. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी ऋचा. अकोल्याची. प्रफुल आणि मी अमरावतीला एमएस्सीला एका वर्गात होतो. लक्षद्वीपच्या एका बेटावर शार्कच्या अभ्यासाला आम्ही दोघं इंटर्न म्हणून सोबत गेलो. परत मी एकटी आले. आत्ता बाहेर चपला काढताना कोणीतरी हळूच म्हणालं, "हेच ते पोट्टी, त्याच्यासंगं होती ते." हो, मीच ती.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. प्रफुलला शार्कनं खाल्लं नाही. वलगावपासून बडनेऱ्यापर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर तेच चाललंय, आणि ऐकून माझं डोकं फिरतं. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. काकांनी स्वतः पाहिलं आहे. ज्या जिवांवर त्याचा जीव होता, त्यांच्या माथी त्याचं मरण मारू नका. त्याला ते आवडणार नाही.

मग काय झालं? तेच सांगायला आले आहे.

गाडीत बसलो तेव्हाची गोष्ट. प्रफुलचा डबा घरी ओट्यावर राहिला होता. काकूंना तो दिसला, पण प्रफुल फाटकाबाहेर पडला होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून काकूंनी हाक मारली नाही. शेजाऱ्यांना मोटारसायकलवर पाठवलं आणि डबा थेट बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवला. प्रफुल हसत होता. म्हणाला, "माय मले मांगून आवाज देतच नाही. उद्या मी कपडे घालाचे विसरलो तरी पार्सलनंच पाठवन." मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच. घरात भिक्षुकी. बाबा पूजेला निघाले आणि पळी-पंचपात्र राहिलं तर आई मागच्या दारानं धावत जाऊन पुढच्या गल्लीत त्यांच्यासमोर उभी राहते. पण हाक मारत नाही. आम्ही दोघं खूप हसलो. पुऱ्या खाल्ल्या. काकू, पुऱ्या फार चांगल्या होत्या.

मित्रांनो, तिथलं काम असं. एकानं पाण्यात उतरायचं, एकानं नावेत बसून त्याच्यावर नजर ठेवायची. उतरणाऱ्यानं पाण्यावर पालथं पडायचं, हातपाय मारायचे नाहीत, खालून जाणाऱ्या शार्क मोजायच्या आणि मनगटाला बांधलेल्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं. कमरेला दोरीनं एक नारिंगी फुगा बांधायचा. तो पाण्यावर तरंगतो, म्हणजे माणूस कुठे आहे ते नावेतून दिसतं. प्रफुल त्याला भोपळा म्हणायचा. काका विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून, म्हणून. आमचं काम बघणाऱ्या केरळच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, फुग्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

त्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा उतरला. समुद्राचं पाणी खडकांच्या कड्यानं अडवलेलं, उथळ, काचेसारखं. खाली शार्क. माणसाएवढ्या लांब, पाठीवरच्या पंखाला काळं टोक. अकरा होत्या. तो वर आला तेव्हा चेहरा असा होता, जसा शेतात झेंडू भरून आल्यावर काकांचा होतो. म्हणाला, "एकीनं माह्याकडे पाह्यलं वं. नीट, थांबून पाह्यलं."

मग चहा घेतला. त्यानं कमरेचा फुगा सोडून नावेतल्या खालच्या फळीवर ठेवला. आणि मग पाणी बदललं.

दिसायला काहीच नव्हतं. वारा नाही, लाट नाही. पण शार्क चालल्या. एक गेली. मग दोन. मग सगळ्या एकामागे एक, खडकातल्या फटीकडे, बाहेरच्या खोल समुद्राकडे. छोटे मासे आधीच गेले होते. मी पाण्यात वाकून पाहिलं तर खाली नुसती पांढरी वाळू. गाव रिकामं झाल्यावर कसं वाटतं, तसं. आमचे नाववाले चाचा मोडक्या हिंदीत म्हणाले, "सब जा रहा है. हम भी जाएगा."

प्रफुल म्हणाला, "दहाच मिनिटं, चाचा. काहून चालल्या ते तं पाहू द्या."

तो काठावर बसला. माझ्याकडे पाठ. चाचा पुढच्या टोकाला नांगराच्या दोराशी वाकले होते. पाण्यातला चष्मा लावला, श्वासाची नळी तोंडात धरली. आणि मला माझ्या पायाशी तो नारिंगी फुगा दिसला.

काकू, ऐकताय ना?

मला तो दिसला. मी तोंड उघडलं. त्याचं नाव जिभेवर आलं होतं. आणि मी गप्प बसले. तो निघाला होता. मागून हाक कशी मारायची? शुभ कामाला निघालाय, अपशकुन नको. असा विचारही केला नाही मी. विचार केला असता तर हाक मारली असती. लहानपणापासूनची सवय, जीभ आपोआप आत गेली. वाटलं, दहा मिनिटांचं तर काम. तो पाण्यात सरकला. मग त्याचे कान पाण्याखाली होते.

त्या नावेत माझ्या जागी दुसरं कोणीही असतं, अगदी मॅडम असत्या, तरी ओरडल्या असत्या. मीच एक होते, अकोल्याची.

ओहोटीचं पाणी त्या फटीतून बाहेर ओढलं जात होतं. शार्कना ते आधी कळलं. आम्हाला नाही. आमचं पोहणं विहिरीतलं, आणि विहिरीचं पाणी कुणाला ओढून नेत नाही. मला तो आधी दिसत होता, मग उन्हानं पाणी चमकायला लागलं आणि त्याचं डोकं त्या चमकेत हरवलं. चाचांनी नांगर उचलला, आम्ही फटीपर्यंत गेलो, बाहेर गेलो, मॅडमची नाव आली. सगळे एकच विचारत होते, "फुगा कुठे दिसतोय? नारिंगी काही दिसतंय का?" नारिंगी माझ्या पायाशी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळ्यांना तो सापडला. पाटी मनगटालाच होती. त्यावर त्यानं लिहिलं होतं, "सगळ्या बाहेर चालल्या. काहून?" त्याखाली एक बाण काढला होता, फटीच्या दिशेनं. तो त्यांच्यामागे निघाला होता.

काकू, काल तुम्ही मला जवळ घेतलं आणि म्हणालात, "पोरी, तू त त्याच्यासंगं होती, तुनं काय नसंल केलं." मी तेव्हा बोलू शकले नाही. ही पाटी तुमच्या हातात देण्याआधी तुम्हाला हे कळायला हवं होतं. मी काही केलं नाही, हेच खरं आहे. माफ करा असं म्हणत नाही. ते तुम्ही ठरवा, तुमच्या वेळेनं.

इथल्या आयाबायांकडे मात्र एक मागते. उद्या तुमच्या घरून कोणी निघालं आणि काही राहिलं असेल, तर हाक मारा. रस्त्यात मारा, फाटकात मारा, चार माणसांत मारा. अपशकुन झाला तर माझ्या नावावर टाका.

आता दोन मिनिटं आपण स्तब्ध उभे राहू. पण मी त्या दिवशी गप्प राहिले होते, म्हणून आज गप्प राहण्याआधी मला एक करू द्या. काकू, तुम्ही उठू नका. बसूनच माझ्यासोबत म्हणा, जमलं तर.

प्रफुल.

प्रफुल, थांब न रे. तुझा भोपळा इथंच राहिला.

आता शांत राहू.