ज्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटलं नाही

जमलेल्या मंडळींनो, सर्वणहून आलेल्या सोयऱ्यांनो, धारगळहून आलेल्या रघूभावोजींच्या बहीण शालूताई, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला सभेत बोलायची सवय नाही. भजनात झांज वाजवते, तेवढाच माझा आवाज. काल चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. पण समोर रघूभावोजींचा फोटो, त्यावर हार, आणि वर हे पंखे फिरताहेत. ओळी हातातच राहिल्या.

रघूभावोजी नात्याने माझे दीर. त्यांच्या पोफळी-माडांच्या कुळागरातली झर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देवळानंतर मला पहिली तिथेच नेली. ओंजळीने पाणी प्यायला लावलं आणि म्हणाल्या, आता तू ह्या गावची. जत्रेला देवाच्या स्नानाचं पाणी त्या झरीचं, आणि कळशी आणायचा मान रघूभावोजींच्या घराचा. मे महिन्यातसुद्धा तिथे कळशी भरायला वेळ लागत नसे.

मग डोंगरापलीकडची खाण खोल गेली. झरीपेक्षा खोल. धार करंगळीएवढी झाली. मग नुसता ओलावा. मग तोही गेला. पावसात खाणीतला लाल चिखल खालच्या शेतांत उतरला, तो कोणी उचलला नाही. पोफळी शेंड्याकडून वाळत आल्या. आपण पाहिलं ना सगळ्यांनी? मी पाहिलं. रोज पाहिलं.

कंपनीने काय केलं? टँकर पाठवला. आणि आपण आज बसलो आहोत तो हा देवळाचा मंडप बांधून दिला. मंडपासाठी घरोघर वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. कंपनी सगळा खर्च करणार असं कळलं, तेव्हा गावाचे पैसे वाचले म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते, साखर ठेवली.

उद्घाटनाला साहेबांना शाल दिली, नारळ दिला. तो नारळ डिचोलीच्या बाजारातून विकत आणला होता. कुळागरांचं आपलं गाव, आणि नारळ बाजारातून. कोणाला काही वाटलं नाही.

मग देवासमोर गाऱ्हाणं घातलं. ज्यांनी हा मंडप दिला त्यांची भरभराट कर, त्यांच्या खाणीला यश दे. आणि आपण सगळे एका सुरात म्हणालो, व्हय महाराजा. मीही म्हणाले. एक माणूस गप्प राहिला. त्या तिसऱ्या खांबाशी रघूभावोजी हात जोडून उभे होते आणि तोंड मिटलेलं होतं.

त्या दिवसापासून गावाने त्यांना नाव ठेवलं, झरमंत्री. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपाशी, तिठ्यावर, कुठेही. काय झरमंत्री, आज काय हुकूम? ते हसायचे. म्हणायचे, खातं आहे, पाणी तेवढं नाही.

गेल्या पावसाच्या आधी ते माझ्याकडे आले. जनेलाच्या उजेडात बसले. म्हणाले, “वयनी, तुमचें अक्षर बरें. एक अर्ज लिवन दियात.” मी मॅट्रिक झालेली, गावातले पुष्कळ अर्ज माझ्या हातचे. लिहून दिला. ज्यांनी झर आटवली त्यांनी ती परत आणण्याचा खर्च करावा. शेतातला चिखल त्यांनी काढावा. पोफळींचं नुकसान त्यांनी भरून द्यावं. आणि हे सगळं देणगी म्हणून नव्हे, भरपाई म्हणून.

मी म्हटलं, भावोजी, नाव काही का असेना, मिळाल्याशी कारण. त्यावर ते जे बोलले ते मला आजही टोचतं. “देणगी दिली की आपण हात जोडतो, वयनी. भरपाई दिली की त्यांना मान खाली घालावी लागते.”

मी विचारलं, पैशाने झर परत येते का? ते म्हणाले, येणार नाही कदाचित. पण दुसऱ्या गावचा डोंगर खणण्याआधी त्यांचा हात जरा थांबेल.

अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. म्हणाले, खाली पहिली सही वयनींची.

मी सही केली नाही.

आमच्या दारात खाणीवर चालणारा आमचा ट्रक उभा होता. त्याचे हप्ते चालू होते. मी म्हटलं, घरात विचारून सांगते. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, देव्हाऱ्यात ठेवा, विचारून झालं की द्या. मी ठेवला. रोज त्याच देव्हाऱ्यात दिवा लावला, रोज ती घडी बाजूला सरकवून फुलं वाहिली. मी घरात कोणाला विचारलंच नाही. ते आजारी पडले, मी पेज घेऊन जायचे. त्यांनी अर्जाचं नाव एकदाही काढलं नाही. माझी लाज त्यांनी राखली, मंडळींनो. मला ती राखता आली नाही.

आज इथे बरेच जण म्हणाले, रघूभाऊ देवमाणूस होते. जिवंतपणी झरमंत्री, गेल्यावर देवमाणूस. बरं आहे आपलं.

हा पाहा तो कागद. आज सकाळी अंघोळ करून, दिवा लावून मी खाली सही केली. उशिरा केली. फोटोपाशी ठेवते आहे, शेजारी पेन आहे. मी कोणाच्या तोंडाकडे बघणार नाही. ज्यांच्या दारात ट्रक आहे, त्यांचं मला कळतं.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. त्या दिवशी सगळे बोलत असताना ते जसे गप्प राहिले, तसे गप्प राहू.

बाबल, तेवढे पंखे बंद कर. उकडलं तर उकडू दे. फिरताना दिसत नाही, पण पात्यांवर देणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे. पंखे थांबले की वर बघा, आणि ते नीट वाचा.

उभे राहू या.