चौथ्या काडीचा चहा

नाही नाही, तू बोल, मी ऐकतेय — फक्त हे दार एकदा परत लाव ना. ऐकलंस? आवाजच नाही. फ्रिजचं दार लागावं तसं. कोंडीरामच्या गाडीचं दार लावायचं म्हणजे एकानं आतून ओढायचं, दुसऱ्यानं बाहेरून ढकलायचं. आणि मी बसायला आले की ही सीट आपोआप मागे सरकते, मला जागा करून देते — एकोणसाठ वर्षांत मला आपणहून कुणी अशी जागा करून दिलेली आठवत नाही गं. तनया ना तुझं नाव? बिल्ल्यावर वाचलं. अगंतुगं केलेलं चालतं ना? माझी सून तुझ्याच वयाची आहे.

तर अडचण अशी की मला दोन्ही गाड्या आवडल्यात. हसू नकोस. म्हणजे हस, मीसुद्धा सकाळपासून हसतेच आहे. ही तुमची विजेवरची, ही आमच्या अभयनं माझ्या नावानं बुक करून टाकलीय — मुलगा माझा — आणि आज सहाच्या आत मी हो तरी म्हणायचं नाहीतर नाही तरी. दुसरी कोंडीरामची, डिझेलची. कोंडीराम कोण? आमच्याकडे दुधाचा टँकर आणायचा. मी कात्रजला डेअरीत लॅबमध्ये होते, सव्वीस वर्षं. टँकर आला की शिडीनं वर चढायचं, झाकण उघडायचं, नमुना घ्यायचा, उतरायचं. किती वेळा चढले असेन कोण जाणे, पण स्टेअरिंगपाशी एकदाही बसले नाही. जाता-येता नुसतं काचेतून बघायचे. तर हा निवृत्त झाला, एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घरच केलं — पलंग, छोटासा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, पडदेसुद्धा. चार वर्षं बायकोला घेऊन हिंडला. आता गुडघे गेले, म्हणून विकतोय. मला म्हणाला, मॅडम, तुम्हीच घ्या, डोळ्यांना सवय आहेच, हाताला होईल.

चालवणार मीच, हो. आमच्या ह्यांना येत नाही. मी गेल्या वर्षी लायसन्स काढलं. तो शिकवणारा दिवसभर काकू क्लच, काकू क्लच — मी झोपेतही क्लच दाबायची, ह्यांच्या पायावर. आणि जायचंय लांब. आधी नागपूरला दीक्षाभूमी, मग भंडारा, माझं माहेर, मग सांची, मग बोधगया. दर वर्षी मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करायचे आणि दर वर्षी खोडायचे, ह्यांना रजाच मिळायची नाही. आता दोघंही रिकामे. आता कोण अडवतंय?

अभयचंही खोटं नाही म्हणा. सोसायटीत आमची पार्किंगची जागा एक, तिथं त्यानं चार्जिंगचा पॉइंटही बसवून घेतलाय. गिअर नाही, क्लच नाही — आई, तुला झेपेल, म्हणतो. शिवाय नातीला शाळेत सोडायचं, आणायचं, संध्याकाळी पोहायला, तिथून तबल्याला, कारण सुनेचं, सोनालीचं ऑफिस पडलं हिंजवडीला, ती येणार कधी... हं. हे मी आत्ता पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, नाही का? शाळा, पोहणं आणि तबला. सोमवार ते शनिवार. मग बोधगया काय रविवारी उरकायची?

काय म्हणतोय तो तुमचा वॉचमन? निळी गाडी कुणाची? माझीच. म्हणजे अजून कोंडीरामचीच, आजच्या दिवस मागून आणलीय. दोन मिनिटं थांब म्हणावं. कात्रजहून इथवर मी आणली — हे शेजारी होते, पण डोळे मिटून. स्वारगेटच्या सिग्नलला बाजूला पीएमटीची बस. एरवी तो ड्रायव्हर आपल्याकडे वरून बघतो, आज आम्ही खांद्याला खांदा लावून. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बस, नुसती मान. मला सांग, तुझ्या ह्या गाडीत मला तशी मान कोण हलवणार? सिग्नल सुटला तरी मी तिथंच, मागचे सगळे हॉर्न वाजवताहेत.

हे आत का नाही आले? नाही म्हणाले, तू ठरव, मी गाडीत बसतो. तसे मितभाषी आहेत. अभयचा खरा मुद्दाही ह्यांचाच — बाबांसाठी ही गाडी सेफ. हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, चौतीस वर्षं. तिथं काडेपेटी गेटवरच काढून ठेवायची, आत न्यायचीच नाही. आत पाऊल टाकायच्या आधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. क्वार्टर्समध्येसुद्धा हे दाराच्या कडीला हात लावूनच घरात शिरायचे, शेजारचेही तसेच, त्यात आम्हाला काही वेगळं वाटायचं नाही. पण घरी ह्यांनी कधी काडी ओढली नाही. गॅस मी पेटवायचा. पौर्णिमेला मेणबत्ती मी लावायची, उदबत्ती मी, आणि हे दोन पावलं मागे हात जोडून. मी चारचौघींत मिरवायचे, आमच्या ह्यांना माझ्याच हातचा चहा लागतो म्हणून. इतकी वर्षं मिरवलं. तसं नव्हतंच गं ते. हे भ्यायचे. ज्वाळेला भ्यायचे आणि सांगायचे नाहीत, कारण सांगितलं असतं तर ह्यांची ड्यूटी संपेपर्यंत मी रोज घरात जीव मुठीत धरून बसले असते. आणि हे मला कळलं कधी? ह्या रविवारी.

सांगते. हे कुणाला सांगायचं नव्हतं खरं तर, पण आता सुरू केलंय. रविवारी पहिल्यांदा ती गाडी मी जुन्या कात्रज घाटात घातली. वर पोचले, गाडी कडेला लावली आणि दमून तशीच स्टेअरिंगला टेकून बसले. मागे खुडबूड ऐकू आली. बघते तर हे ओट्यापाशी, हातात कोंडीरामची काडेपेटी. आधी नळाला हात लावला, पट्टीला लावायचे तसा. पहिली काडी मोडली. दुसरी मोडली. तिसरी पेटली, तर दचकून बेसिनमध्येच टाकून दिली. मी उठले नाही. उठावंसं फार वाटलं, हात आपोआप पुढे जातो ना आपला — पण नाही उठले. चौथी धरली त्यांनी. शेगडी पेटली. आणि न वळताच म्हणाले, ललिता, तू बस, मी करतो. मग चहा उकळेपर्यंत सगळं बोलले, पाठमोरेच. चौतीस वर्षांचं. चहात साखर इतकी की ओठाला ओठ चिकटावा. दोन-दोन कप प्यालो आणि मग जे हसत सुटलो दोघं, शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं थांबून विचारलं, काका, सगळं ठीक ना?

डोळ्यांत काही नाही गेलं, असू दे. तुमचा एसी जोरात आहे.

काय म्हणालीस? ह्याही गाडीत चहा होतो? वा. गाडीतूनच वीज घ्यायची, वर इंडक्शनची शेगडी ठेवायची... आणि ज्वाळ नाही. धूर नाही. काडी लागतच नाही.

लागतच नाही.

छान आहे गं. मनापासून सांगते, छान केलीय गाडी. सोनालीला दाखव, तिला आवडेल, आणि पोरीला तबल्याला तिनंच न्यावं. दार कुठून उघडतं हे? इथं? बरं. पेन आहे? बुकिंग रद्द करायला सही कुठं करायची? इथं ना? झाली. अभयचा फोन आला तर म्हणावं, आईनं स्वतः येऊन केलीय, शुद्धीवर होती.

आता काय झालं त्याला, एवढा का ओरडतोय? निळ्या गाडीतून धूर? अगं वाफ आहे ती. आधी त्याला ती वाळूची बादली खाली ठेवायला सांग, नाहीतर सगळी भांड्यात जायची. आमचे हे चहा टाकताहेत. मी आत येऊन बसलेय, बाहेर ह्यांच्याजवळ कुणी नाही, कितव्या काडीला पेटली तेसुद्धा मला बघता आलं नाही — तू सरक बाजूला, जाऊ दे मला.