टीव्हीत अडकलेलं लग्न

आमच्या भीमपूरच्या काकांनी आतच डीव्हीडी बसवलेला टीव्ही आणला, तवाच काकू म्हणाली होती, "प्लेयर अलग घ्या." काका म्हणे, "काऊन? एका वायरीत काम होते."

दिवाळीले लेक-जावई आले. काकांनी हौसेनं त्यांच्या लग्नाची डिस्क लावली, तर ती आतच अडकली. मेकॅनिकनं टीव्हीच उचलून आदिलाबादले नेला. काकांचं तोंड एवढंसं झालं.

मंग काकूनं तोंडीच लग्न सांगाले सुरुवात केली. जावई मांडवात कसे बसल्या बसल्या घोरले, भटजींनी कसं हलवून उठवलं! आमी हसून हसून लोळलो, काकाही खुलले.

जावई मात्र माझ्या कानात म्हणे, "डिस्कच बरी होती ना! तेवढं घोरणं मी व्हिडिओवाल्याले सांगून कापलं होतं."