काम करत राहा, पण हालू नका

नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? हापिसाचा फोटो काढायले सांगितला, मी काढला. सगळे आले त्यात! अगदी पाणी पाजणारा शालिकराम आला, त्याच्या हातातला लोटा आला, पण आजही आमच्या महाल भागात माझ्या स्टुडिओसमोरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून इचारते, "काय गा गिरिधर, सगळे आले अन् बिचारे मनोहररावच काहून नाही आले?" अरे बाप्पा, आले ना! आले म्हणजे... आता कसं सांगू तुम्हाले. माझ्या तोंडातलं वाक्य एकच असते, फोटोवाल्याचं वाक्य, हालू नका! त्या दिवशी त्याच्या अगोदर आणखी एक वाक्य जोडलं अन् घात झाला.

हापिस कोणतं ते इचारू नका. सरकारी होतं एवढं पुरे. इंग्रजाच्या काळातली इमारत, काळा दगड, मोठमोठ्या कमानी, आत गेलं की भर उन्हाळ्यात अंगाले थंड लागे. आता काय, नवी सिमेंटची इमारत झाली, हापिस तिकडं चाललं, अन् ही म्हणे पाडायची. साहेब पुण्याकडून बदली होऊन आलेले, बोलणं एकदम छापल्यासारखं. "हे पाहा गिरिधरराव, या वास्तूची स्मृती राहिली पाहिजे. एक फोटो बाहेरून, एक आतून. मंजुरी दोनचीच आहे." म्हटलं हाव साहेब. मनातून खूश होतो बरं का मी! तुम्हाले सांगतो, त्या कमानीवर सकाळचं ऊन तिरपं पडलं की दगडाची घडण अशी उठून दिसे, मी कितीदा सायकल थांबवून पाहत उभा राहिलो आहे.

अन् आदल्या संध्याकाळी सुभद्रावहिनी आल्या स्टुडिओत. मनोहरराव त्या हापिसातले हेडक्लार्क, त्यायच्या या मालकीण, आमच्याच गल्लीत घर. पदराखाली भिवापुरी तिखटाची पुडी. म्हटलं आज काय विशेष? तं म्हणे, "भाऊ, एक काम करसान का? लग्न झाल्यापासून पाहून राहिली, सकाळी डबा घेऊन जातेत अन् दिवेलागणीले येतेत. पण जातेत कुठं, बसतेत कसे, म्या कधी पाह्यलंच नाही. बायामाणसानं हापिसात जानं बरं दिसते का? आता ते महिन्याअखेर रिटायर होऊन राहिले, हापिसबी पाडून राहिले. मले एकडाव त्याइले त्या खुर्चीवर बसलेलं पाहाचं हाय. बस."

आता याले नाही म्हणणारा माणूस पाहिला का तुम्ही? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, वहिनी, मिशीचा केस न् केस मोजून घेजा!

सकाळी गेलो तं काय... इमारतीले चुना! पांढराफेक! खालून गेरूचा पट्टा! मी तं सायकलवरून पडायचाच राहिलो. म्हटलं साहेब, हे काय? "फोटो निघायचाय ना, म्हणून रातोरात रंगवून घेतली." पाडायची इमारत! अन् तिले चुना! काहून? तं फोटोसाठी! ज्या दगडाचा फोटो काढायचा तोच दगड फोटोसाठी झाकून टाकला. उन्हात ते पांढरं असं पेटून राहिलं की कमान कुठं अन् भिंत कुठं काही समजेना. काढला बापा तसाच. साहेब म्हणे, "इमारत कशी उजळ दिसते!" म्हटलं हाव, दिसून राहिली.

आता आत. नवतपा सुरू, उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, तुम्हाले माहीतच आहे, खिडकी खिडकीले वाळ्याच्या ताट्या, शालिकराम लोट्यानं पाणी मारून राहिला, सुगंध पसरला, सगळं छान, पण अंधार! म्हटलं साहेब, पाच मिनिटं ताट्या काढू द्या. "छे छे! माणसं भाजतील." म्हणजे फोटो अंधारातच. माझा तो जुना लाकडी कॅमेरा, वरून काळं कापड, फिल्म एकच. अशा उजेडात लेन्सचं झाकण काढायचं अन् सावकाश दहापर्यंत मोजायचं, तवा कुठं फिल्मवर काही उमटते. अन् तेवढ्यात जो हालला, तो गेला! फोटोत त्याचा नुसता धूर होते.

अन् हापिसातली तयारी काय सांगू... कोणी केसाले तेल लावून राहिलं, कोणी नवतप्यात लग्नातला कोट घालून घामानं निथळून राहिलं, शेजारच्या टेबलावरच्या फायली चोरून आपल्या टेबलावर ढीग! ते चंपतराव, त्याईनं साहेबाच्या खोलीतला फोन उचलून आणला अन् कानाले लावून बसले. वायर खाली लोंबून राहिली! मी म्हटलं, अहो, आहे तसं राहू द्या ना. तं म्हणे, "आहे तसं कोणाले पाहायचं आहे गा?"

साहेब म्हणाले, "ग्रुप फोटो नको. कामकाज चालू असलेलं दिसलं पाहिजे." अन् मले तं कोणी हालायले नको. मग मी काय म्हणणार? कापडातून डोकं काढलं अन् ओरडलो, "सगळ्यांनी काम करत राहा, पण हालू नका!"

मग चंपतराव फोनमधूनच बोलले, "हे तं आमचं रोजचंच आहे!"

अन् जमलं की हो! काढलं झाकण. एक... दोन... काय बसले होते! दगडी मूर्ती परवडल्या. पेन कागदावर टेकलेला, नजर फायलीत, पापणी लवत नाही. तीन... चार... अन् कोपऱ्यातून आवाज. सळसळ. पाहतो तं मनोहरराव! पान उलटलं, दौतीत टाक बुडवला, लिहिलं, टिपकागद दाबला, दुसरं पान... ओरडावं तं सगळेच मान वळवतील, झाकण लावावं तं दुसरी फिल्म नाही, अन् दुपारी सामान ट्रकवर चढणार! पाच... सहा... मनात म्हणून राहिलो, मनोहरराव, तुम्हाले हात जोडतो, वहिनीसाठी तरी थांबा! नाही थांबले. दहा होईस्तोवर माणसानं फाइलीची नाडीसुद्धा बांधून टाकली.

मी गेलो तरातरा. "मनोहरराव, हालू नका म्हटलं होतं ना?"

चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडं. शांतपणे म्हणे, "हाव. पण पहिले काम करत राहा म्हटलं ना गा तुम्ही."

मी काळं कापड गुंडाळलं अन् कॅमेरा सायकलवर बांधला.

फोटो धुतला. सगळे असे आले, कोरून काढल्यासारखे. चंपतरावाच्या फोनची लोंबती वायरसुद्धा आली. अन् कोपऱ्यात मनोहररावाची खुर्ची, तिच्या पाठीची वेताची वीण स्पष्ट, छत्री स्पष्ट, डबा स्पष्ट... अन् त्या खुर्चीवर थोडा धूर. साहेबांनी फोटो पाहिला, "वा! काय शिस्त आहे! पण हा कोपऱ्यात डाग कसला? पुसून टाका."

म्हटलं, "साहेब, तो हेडक्लार्क आहे."

"असू द्या. पुसा."

पुसला. साहेबाच्या कॉपीवरचा पुसला. वहिनीसाठी वेगळी काढली, तिच्यावर ब्रश फिरवायले हात धजला नाही. पण दाखवू कसा? दोन-चार दिवस त्यायचं घर टाळून मागच्या बोळीतून येणं-जाणं केलं. शेवटी त्याच आल्या. मी फोटो पुढं केला अन् लगेच सुरू झालो, वहिनी, अंधार होता, ताट्या होत्या, साहेब ऐकेना... त्या ऐकूनच नाही राहिल्या. बोट फिरवून राहिल्या फोटोवर. "हा डबा माहा. ही छत्री." मग बोट त्या धुरावर थांबलं. मी म्हटलं, माफ करा वहिनी, फसला.

"काहून फसला?" त्या म्हणे. "हेच हायत. घरी बी मले एवढेच तं दिसले."

मी उगाच दिव्याची वायर तपासत बसलो.

पण जिवाले लागलं ना माझ्या! छातीवर हात ठेवून बोललो होतो. मनोहरराव रिटायर झाले तसा त्याईले ओढून स्टुडिओत आणलं. बसवलं खुर्चीवर. सवयीनं म्हटलं, हालू नका.

"आता काय हालाचं गा," मनोहरराव म्हणाले. "कामच नाही."

फोटो असा आला, मिशीचा केस न् केस मोजून घ्या! मोठा केला, फ्रेम लावली, स्वतः घरी घेऊन गेलो. वहिनीनं दोन्ही हातांनी धरला, नीट पाहिला, अन् वापस दिला! "चांगला हाय भाऊ. पन तुमच्याचकडं राहू द्या. हे तं आता दिवसभर दिसून राहिले मले."

तं तो चांगला फोटो माझ्या शोकेसमध्ये पडला आहे. अन् त्यायच्या भिंतीवर तो धुराचा, फ्रेम करून, वरून हार. म्हटलं वहिनी, हार काहून? माणूस जित्ता आहे ना! तं म्हणे, असू द्या. अन् त्याच फोटोच्या खाली खुर्ची टाकून मनोहरराव बसले असतात. सकाळी जा, संध्याकाळी जा... जराही हालत नाहीत, एकदम शार्प!